खोतकाकांचं विरजण

खोतकाका आधी वास घ्यायचे आणि मग नाव विचारायचे. माणूस असो, भाजीची जुडी असो, लायब्ररीतलं पुस्तक असो, नाहीतर नव्याने रंगवलेलं दार असो. त्यांचं नाक तिथे डोळ्यांच्या आधी पोचलेलं असायचं. यात चोरटेपणा अजिबात नव्हता. डॉक्टर जसा राजरोस नाडी बघतो, तसे ते मान किंचित पुढे करून, डोळे मिटून राजरोस वास घ्यायचे. पहिल्या भेटीत माणूस दचकायचा. मीही दचकले होते.

ही पहिली भेट एका ब्रूअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात झाली, हे आमच्या घरात पाहुण्यांसमोर अजूनही कुणी पटकन सांगत नाही. त्याचं असं झालं. माझ्या सासूबाई त्या उन्हाळ्यात रत्नागिरीहून पहिल्यांदाच आमच्याकडे कॉव्हेंट्रीला आल्या होत्या. आल्यापासून दोन किल्ले, एक कॅथीड्रल आणि तीन राजवाडे दाखवून झाले, तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळीकडे दगडच. इथे काही चालू स्थितीतलं नाही का गं?" माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे निखिलच्या, हॉस्पिटलमधल्या कुणीतरी सुचवलं की तासाभरावर कालव्याकाठी एक जुनी ब्रूअरी आहे, बंद पडली, पण आता तिकीट काढून बघता येते, वाफेचं इंजिन अजून चालतं, घोडे आहेत, आणि चहा चांगला मिळतो. मी आईंना "जुना कारखाना" एवढंच सांगितलं. पार्किंगमध्ये उतरल्यावर दाराशी रचलेली लाकडी पिंपं बघून त्यांना संशय आला.

"मेधा, ही दारूची फॅक्टरी का गं?"

"होती, आई. आता म्युझियम आहे."

"तुम्ही या जाऊन. मी गाडीत बसते."

पण सत्तरीतल्या माणसाला एवढ्या प्रवासानंतर गाडीत बसून राहता येत नाही, आणि टॉयलेट आत होतं. दारातच तिथल्या गाइडांचं जांभळं फ्लीस जॅकेट घातलेला, छातीवर 'मार्टी' अशी पाटी लावलेला एक सावळा, शिडशिडीत म्हातारा उभा होता. आई जवळून जाताच त्याने मान पुढे केली, डोळे मिटले आणि चक्क मराठीत म्हणाला, "मेथी. कुळथाची पिठी. आणि हिंग जरा सढळ पडलाय बगा. कोकणातल्या का तुम्ही?"

माझ्या सासूबाईंना हिंग जास्त झाला असं तोंडावर सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी पुढच्या स्फोटाची वाट बघत होते. पण आई शाळेतल्या मुलीसारख्या म्हणाल्या, "इथल्या हिंगाला वासच नाही हो. म्हणून दोनदा घातला." मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "टॉयलेट कुठे म्हणालीस? आलेच मी. मग आत जाऊन बघू तरी."

मार्टी म्हणजे मारुती खोत. मूळचे मिरजेचे. पन्नासेक वर्षांपूर्वी बी.एस्सी.ची डिग्री आणि एक स्वेटर घेऊन ते या देशात आले. दुधाच्या एखाद्या डेअरीत नोकरी मिळेल अशी अपेक्षा होती. मिळाली ती ब्रूअरीच्या लॅबमध्ये. ब्रूअरी बंद पडेपर्यंत ते तिथेच होते, आणि एका ट्रस्टने ती लोकांना बघायला उघडल्यावर तिथेच गाइड म्हणून परत आले, तेही बिनपगारी. "घर विकलं गेलं तरी दार उघडायला कुणी लागतंय की," असं म्हणायचे.

त्यांच्या टूरचा नियम एकच होता, वरून खाली. ती इमारत म्हणजे पाच मजली विटांचा मनोरा होता. पूर्वी धान्य वाफेच्या इंजिनाने सगळ्यात वर चढवायचे आणि मग तिथून प्रत्येक मजल्यावर एकेक संस्कार होत ते आपोआप खाली यायचं. वर मोड आणून भाजलेली बार्ली, म्हणजे माल्ट, दळायची, खाली गरम पाण्यात भिजवायची, त्याखाली तांब्याच्या अवाढव्य हंड्यात हॉप्सची कडू फुलं घालून उकळायची, त्याखाली निववून आंबवायची. इतर गाइड लोकांची दया येऊन लिफ्टने दुसऱ्या मजल्यापासून सुरुवात करायचे. काका मात्र ऐंशीच्या घरात असूनही सगळ्यांना जिन्याने वर न्यायचे. "चढताना धापा टाकल्याशिवाय त्या इंजिनाची किंमत कळत नाही," हे ते इंग्रजीत सांगायचे आणि लोक धापा टाकत हसायचे. आईंचे गुडघे दुखत होते, तरी त्या पाचही मजले चढल्या. काका प्रत्येक इंग्रजी वाक्यानंतर आवाज उतरवून त्यांच्यापुरतं मराठी शेपूट जोडत होते.

आंबवायच्या खोलीत पोचलो तेव्हा सगळ्या टाक्या कोरड्या ठणठणीत होत्या. एका टाकीत फेस दाखवायला पांढरा स्पंज पसरला होता. मला ते बघून हसू आलं, पण काकांना ते दरवेळी लागायचं, हे पुढे कळलं. ते टाकीच्या कडेवर हात ठेवून म्हणाले, "वहिनी, इथं यीस्ट घालायचे. यीस्ट म्हणजे काय, विरजण. आज आंबवलं की फेसातलं थोडं काढून ठेवायचं, ते उद्याच्यात घालायचं. उद्याच्यातलं परवाच्यात. ह्या ब्रूअरीचं विरजण माझ्या खापरपणज्याच्या आधीपासनं चालत आलेलं. एकदाही तुटलं नव्हतं."

"मग आता?" आईंनी विचारलं.

"आता स्पंज," काका म्हणाले.

त्यांची आई मिरजेच्या बाजारात दही विकायची. तिचं एक वाक्य काकांच्या तोंडात कायम असायचं, "कालच्यातलं थोडं आजच्यात." कितीही गिऱ्हाईक आलं तरी ती तळातलं वाटीभर दही विकायची नाही. आणि दुसरा तिचा नियम असा, की विरजण एकाच घरात ठेवायचं नाही. शेजारी दोन घरी द्यायचंच. आपलं नासलं तर मागायला जागा पाहिजे. लॅबमधल्या गोऱ्या साहेबांनी यीस्टवरचं जाडजूड पुस्तक हातात दिलं तेव्हा, काकांच्या म्हणण्याप्रमाणे, त्यात नवीन अशी फक्त नावं होती.

आता दारूच्या कारखान्यात जन्म घालवलेला हा माणूस पीत होता का, हा प्रश्न आईंनी खाली चहा पिताना विचारलाच. काका म्हणाले, "रोज अकरा वाजता अर्धा ग्लास. चव बघणं माझी ड्यूटी होती. ड्यूटीच्या बाहेर एक थेंब न्हाई." आणि ते खरं होतं. सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला एकदा म्हणाल्या, "ह्यांना लग्नकार्यात कुणी ग्लास पुढे केला की हे घड्याळाकडे बघायचे. अकरा वाजलेले नसायचे, मग परत द्यायचे." इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. सरळ माणसं पुष्कळदा कंटाळवाणी असतात. काका तेवढेही नव्हते.

काकाही कॉव्हेंट्रीतच, आमच्यापासून दहा मिनिटांवर राहायचे. त्यामुळे आई परत गेल्यावरही आमचं जाणं-येणं राहिलं. त्यांनी बघता बघता मला शनिवारी ब्रूअरीतल्या गिफ्ट शॉपमध्ये उभं केलं. मी कौन्सिलमध्ये नोकरी करते. पाच दिवस लोकांच्या तक्रारी ऐकून सहाव्या दिवशी चहाचे टॉवेल आणि घोड्यांची चित्रं विकायला मला बरं वाटायचं.

पुढच्या वर्षीच्या वसंतात सगळ्या व्हॉलंटियर्सना मीटिंगला बोलावलं. हॅना ही आमची नवी मॅनेजर, तिशीची, एका दमात खूप बोलणारी. ती म्हणाली की लोक येत नाहीत, वर्षअखेरीला ट्रस्ट दार बंद करणार आणि इमारतीचे फ्लॅट होणार. एकच मार्ग दिसत होता. तांब्याचा हंडा पुन्हा पेटवायचा, तीच जुनी बिअर लोकांच्या डोळ्यांसमोर करायची. ट्रस्ट तयार होता, पण अट अशी की बिअर तीच हवी. कुठलंही विकतचं यीस्ट घालून नाटक नको. आणि ते यीस्ट तर ज्या कंपनीने ब्रूअरी विकत घेऊन बंद केली तिने गटारात ओतलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा मागच्या खुर्चीवरून काकांनी हात वर केला.

"आय हॅव इट," ते म्हणाले. "इन माय फ्रिज. आय स्टोल इट."

गाडीत घरी येताना त्यांनी मला सगळं सांगितलं. शेवटच्या दिवशी नव्या कंपनीचा माणूस लॅबमध्ये आला आणि म्हणाला, सगळं ओता. "मी ओतलं. माझ्या हातानं ओतलं. पण माझा जेवणाचा स्टीलचा डबा होता न्हवं, तो भरून घेतला. गेटवर बॅगा तपासत होते. गार्ड ओळखीचा. म्हणाला, मार्टी, डब्यात काय, करी? मी म्हणलो, येस. कंपनीशी बोललेलं तेवढं एकच खोटं." ते खिडकीबाहेर बघत होते. वीसेक वर्षं हा माणूस दर पंधरा दिवसांनी त्या डब्यातलं वरचं पाणी काढून त्यात माल्टचं ताजं, उकळून निववलेलं पाणी घालत होता. अर्धं यीस्ट त्यांनी केनला, म्हणजे जुन्या हेड ब्रूअरला दिलं होतं, कारण विरजण एकाच घरात ठेवायचं नसतं. केन नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात वारला आणि त्याच्या मुलीने घर रिकामं करताना फ्रिजही रिकामा केला. आता जगात तो एकच डबा उरला होता.

हॅना हसली होती. फेकून दिलेली वस्तू चोरता येत नाही, असं म्हणाली होती. पण काकांना ते पटलेलं नव्हतं, हे मला दिसत होतं. ते यीस्ट पुन्हा त्या टाकीत गेल्याशिवाय त्यांच्या मनातली चोरी फिटणार नव्हती.

जुलैमध्ये ब्रू करायचं ठरलं. त्याआधी काका-काकूंना पुतण्याच्या लग्नासाठी सहा आठवडे मिरजेला जायचं होतं. जायच्या आदल्या दिवशी काका डबा घेऊन आमच्याकडे आले. मी म्हटलं, "काका, वर लेबल लावू या का?" ते म्हणाले, "लेबल कशाला? वासानं कळतंय की." मी डबा फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, मागे ठेवला. नाक मुरडूनच ठेवला, हे कबूल करते. दर दुसऱ्या गुरुवारी त्याला खायला घालायचं, हे फोनमध्ये टाकून ठेवलं. मध्यंतरी आई रत्नागिरीहून आल्या. मी त्यांना फ्रिजमधलं सगळं दाखवलं. तो डबा तेवढा दाखवायचा राहिला.

काका परत यायला चार दिवस असताना मी ट्रेनिंगसाठी दोन दिवस कार्डिफला गेले. परत आले तर घरभर खमंग वास. निखिल टेबलाशी बसून आंबोळ्या खात होता. "मेधा, खाऊन बघ," तो म्हणाला, "जाळी बघ काय पडलीय! नऊ खाल्ल्या मी." आमच्या थंड स्वयंपाकघरात आईंचं आंबोळीचं पीठ कधीच नीट फुगत नसे, दरवेळी त्या त्या पातेल्याला ब्लँकेट गुंडाळायच्या आणि इंग्लंडच्या नावाने बोटं मोडायच्या. त्या आनंदाने म्हणाल्या, "तू आंबवण करून ठेवलंयस ते सांगायचं नाहीस का? वास घेतला, चांगलं जिवंत होतं. सगळंच ओतलं बाई." मी सिंककडे पाहिलं. काकांचा डबा घासून, लख्ख करून रॅकमध्ये उपडा घातला होता.

मला रडू फुटलं. आईंना काय झालं ते सांगितलं तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या त्या तासभर उठल्या नाहीत. पुढचे चार दिवस आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. निखिलने इंटरनेटवर शोधलं, कुणाकडे ते यीस्ट साठवलेलं असेल म्हणून, कुठेच नव्हतं. काकांना फोन करायची माझी छाती झाली नाही.

ते विमानतळावरून आले त्याच संध्याकाळी डबा न्यायला आमच्या दारात उभे राहिले. त्यांना आत बसवून मी सगळं एका दमात सांगितलं. ऐकताना त्यांनी चष्मा काढला, गुडघ्यावर ठेवला. आई स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकून उभ्या होत्या. मला वाटलं, हा माणूस आता उठेल आणि आयुष्यात पुन्हा आमच्या घरी यायचा नाही. आला नसता तर मी त्याला दोष दिला नसता.

काका म्हणाले, "वहिनी, कशा झाल्या होत्या आंबोळ्या?"

"हलक्या," आई कशाबशा म्हणाल्या. "जरा कडवट होत्या."

"बरोबर. कडवटच लागणार." मग ते थोडे पुढे झुकले. "सगळं पीठ संपवलंत?"

आणि त्या दुःखातही आईंचा स्वाभिमान दुखावला. "सगळं कसं संपवीन? मला काय कुणी वळण लावलं नव्हतं? डावभर राखलंय की पुढच्यासाठी. फ्रिजमध्ये आहे, वाटीत."

काका उठले. ऐंशीच्या माणसाने इतक्या चटकन उठू नये. त्यांनी फ्रिज उघडला, वाटी काढली, झाकण बाजूला केलं आणि डोळे मिटून वास घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "रडतीस कशाला पोरी? हाय की हितं. गर्दीत हरवलंय, शोधायचं फक्त."

पुढचे दहा दिवस माझं स्वयंपाकघर माझं राहिलं नाही. काकांनी फोलशिल रोडवरच्या दुकानातून चायनाग्रास आणलं, माल्टच्या पाण्यात शिजवलं, त्यात हॉप्सचा काढा घातला. "आंबोळीतले आंबट जंतू हॉप्सला भितात," त्यांनी आईंना समजावलं. सगळं माझ्या कुकरमध्ये वीस मिनिटं शिजून निर्जंतुक झालं. शिट्ट्या मोजायच्या नाहीत, घड्याळ बघायचं, अशी ताकीद होती. मग ते काचेच्या सपाट बश्यांत ओतून गोठवलं. आता त्यावर तारेच्या टोकाने पिठाचा अगदी पुसटसा अंश ओढायचा होता, नागमोडी, विरळ होत जाणारी रेघ, म्हणजे शेवटी एकेक पेशी सुटी पडते आणि तिचा वेगळा ठिपका वाढतो. काकांनी तार हातात घेतली. त्यांचा हात थरथरत होता. जेलीवर ओरखडा उठला. दुसऱ्या बशीवरही तेच झालं. त्यांनी तार खाली ठेवली, आणि मी त्यांना पहिल्यांदाच ओशाळलेलं पाहिलं.

"मी करू?" मी विचारलं. माझ्या हाताने जेली फाटलीच.

आई इतका वेळ लांबून बघत होत्या. "रांगोळीची रेघ ओढायचीय ना?" त्या म्हणाल्या. "द्या इकडे." पन्नास वर्षं रोज सकाळी दारात रांगोळी काढलेल्या त्या हाताने जेलीवर अशी काही रेघ ओढली की काका म्हणाले, "वहिनी, तुम्ही तीस वर्षं उशिरा आलात." सहा बश्या झाल्या. त्या दिवसापासून आई नीट जेवायला लागल्या.

बश्यांवर ठिपके उगवले. त्यातले सहा वेगवेगळे ठिपके उचलून काकांनी सहा छोट्या बाटल्यांत वाढवले. आंबोळीच्या पिठात हवेतली, तांदळाची, कसली कसली यीस्ट असणार. त्यातलं आपलं कोणतं, हे ठरवायचं होतं. रविवारी सकाळी काका आले, टेबलाशी बसले. पहिली बाटली हुंगली, बाजूला सारली. दुसरी, तिसरी, पाचवी तशीच. चौथी आणि सहावी मात्र ते आळीपाळीने हुंगत राहिले. पुन्हा पुन्हा. मग दोन्ही खाली ठेवून म्हणाले, "न्हाई कळत. नाक म्हातारं झालं माझं."

हे त्यांना जड गेलं. मला तर बघवलं नाही. ज्याने आयुष्यभर वासावर माणसं ओळखली त्याला स्वतःच्या जिवाची वस्तू ओळखता येत नव्हती. केन गेला होता. मी तो डबा धरताना दरवेळी श्वास रोखला होता. मग काकांनी दोन्ही बाटल्या उचलून आईंच्या पुढे केल्या.

"तुम्ही डबा उघडून पोटभर वास घेतला होता, वहिनी. आता जगात तुम्हालाच ठाऊक. सांगा."

आईंनी पदराला हात पुसले. चौथी बाटली नाकाशी धरली. सहावी धरली. अजिबात घाई केली नाही. "ही," त्या म्हणाल्या आणि सहावी पुढे केली. "पिकलेल्या केळ्याचा वास, आणि मागून किंचित लवंग. त्या डब्यात हेच होतं."

काकांनी ती बाटली पुन्हा नाकाशी नेली. "लवंग," ते हळूच म्हणाले. "केन पण लवंगच म्हणायचा." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

जुलैत हंडा पेटला. तीन आठवड्यांनी, एका शनिवारी सकाळी अकरा वाजता पहिलं पिंप उघडलं. वेळ काकांनी ठरवली होती, हे सांगायला नकोच. जुने कामगार आले होते, कुणी काठी टेकत, कुणी मुलाच्या हाताला धरून. आंबवायच्या टाकीतला स्पंज हॅनाने स्वतः काढून टाकला होता. पहिला ग्लास ब्रेंडाला दिला. ती पूर्वी बाटल्या भरायच्या खात्यात होती आणि तिचा बापही तिथेच होता. तिने घोट घेतला. काका तिच्याकडे बघत होते. मी काकांकडे बघत होते.

"दॅट्स इट, मार्टी," ती म्हणाली. मग म्हणाली की तिचा बाप कामावरून घरी आला की दारातच हा वास यायचा.

हॅनाने काकांना बोलायला पुढे बोलावलं. ते आईंना हाताला धरून बरोबर घेऊन गेले. साडी, त्यावर कार्डिगन, खाली निखिलचे जुने ट्रेनर्स बूट अशा आई तिथे उभ्या, आणि काका सगळ्यांना सांगताहेत, "माय कलीग." भाषण एवढंच झालं. मग त्यांनी गेटच्या दिशेने बघून मान जराशी हलवली, जणू कुणाचा हिशेब चुकता झाला, आणि आपला अर्धा ग्लास घेतला. आईंनीही घेतली. उजवा तळहात पुढे केला, तीर्थ घेतात तसे चार थेंब घेतले, जिभेला लावले, आणि ओला हात सवयीने डोक्यावरून फिरवला. ब्रेंडाला वाटलं ही टेस्टिंगची भारतीय पद्धत आहे. तिनेही तसंच केलं.

ब्रूअरीचे फ्लॅट झाले नाहीत. शनिवारी आता जिन्यावर रांग लागते.

काका जानेवारीत गेले. दुपारी चहा पिऊन खुर्चीत बसले होते, काकू कप उचलायला आल्या तेव्हा संपलं होतं. आजारपण नाही, हॉस्पिटल नाही, कुणाला त्रास नाही. स्वभावाला धरूनच गेले. क्रेमेटोरियममध्ये निम्मी माणसं जांभळ्या फ्लीसमध्ये होती. मला त्या दिवशी बाकी काही विशेष आठवत नाही. आत शिरताना फुलांचा वास आला आणि वाटलं, आता हे काकांना विचारायला हवं कसली फुलं आहेत ती.

तेराव्या दिवशी मी काकूंकडे गेले होते. निघताना त्यांनी फ्रिज उघडला आणि स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. "हे दुसऱ्या घरचं," त्या म्हणाल्या. "ह्यांनी दिवाळीतच तुझ्या नावाने काढून ठेवलं होतं. तू नेशील म्हणून वाट बघत होते." आयुष्यात कशालाही लेबल न लावणाऱ्या माणसाने त्या डब्यावर कागद चिकटवला होता. अक्षर थरथरतं, पण मोठं आणि स्वच्छ होतं. 'वहिनी, हे आंबोळीचं नाही.' आणि त्याखाली, बारीक अक्षरात, 'पण केल्यात तर डावभर राखा.'

घरी येऊन मी रत्नागिरीला फोन लावला आणि आईंना ते वाचून दाखवलं. त्या आधी हसल्या. मग बराच वेळ पलीकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज येत राहिला. मी वाट बघितली.

"आज गुरुवार ना गं?" त्या शेवटी म्हणाल्या. "खायला घातलंस त्याला?"

घातलं नव्हतं. मी पाणी उकळायला ठेवलं, डब्याचं झाकण काढलं, डोळे मिटले आणि वास घेतला. केळं होतं. जरा थांबले, तेव्हा लवंगही आली.